दोन्ही, मध्य

४ फेब्रुवारी

मामा,

नमस्कार. पत्र बघून दचकू नका, घरी सगळं ठीक आहे. फोनच केला असता, पण आई म्हणाली की फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तुम्ही आपल्या मनाने भरता. म्हणून लिहिते आहे.

काम आहे. आमच्या चाचणी प्रयोगशाळेकडे एका सभागृहाची चौकशी आली. पूर्वी तिथे सिनेमा चालायचा, आता एका संगीतसंस्थेने ते घेतलंय आणि आत नवी ध्वनियंत्रणा बसवायची आहे. रंगमंचाच्या दोन बाजूंना दोन लाकडी बेस हॉर्न उभे आहेत, दोन दारी कपाटाएवढे. ते ठेवायचे की मोडीत काढायचे हे ठरवायला त्यांचा बेस मोजून द्या, असं संस्थेचं म्हणणं. परवा मी बघायला गेले. डाव्या हॉर्नच्या मागे वाकून बॅटरी मारली तर तुमच्या कारखान्याचा शिक्का. मी तिथेच धुळीत बसले.

साहेबांना लगेच सांगितलं की हे माझ्या मामाने बनवलेत, काम दुसऱ्या कुणाला द्या. ते म्हणाले, "हॉर्न मोजणारं इथे दुसरं आहे कोण? तू मोज, अहवाल मी तपासून सही करीन. दयामाया नको म्हणजे झालं." तेव्हा मीच मोजणार आहे.

मला हवं आहे ते असं. आराखडा असेल तर त्याची नक्कल, आत कोणता स्पीकर आहे ते, आणि बसवताना मोजमाप झालं असेल तर त्याचा आलेख. सभागृहाच्या जुन्या माहितीपत्रकात 'बेस ३५ हर्ट्झपर्यंत' असं छापलंय. आकडा जितका लहान तितका सूर खोल, आणि पस्तीस म्हणजे फारच खोल. तो आला कुठून?

आणखी एक विचारते, कामाबाहेरचं. मी अकरा वर्षांची होईपर्यंत प्रत्येक सुट्टीत तुमच्या कारखान्यात असायचे. मग ते एकदम बंद झालं. बाबा गेले तेव्हा तुम्ही आलात, फाटकाशी उभ्याउभ्या आईशी दोन शब्द बोललात आणि निघून गेलात. लहानपणी मला वाटायचं, मी तुमची बारीक पटाशी हरवली म्हणून हे सगळं झालं. आईला विचारलं की ती म्हणते, तुझ्या मामाला विचार. तर विचारते.

तुमची
टिटवी


११ फेब्रुवारी

टिटवे,

पत्र पोचलं. अक्षर अजून कोंबडीच्या पायांचंच आहे. एवढी शिकलीस, यंत्रं वापरतेस, हात मात्र तोच.

पटाशी तू हरवली नव्हतीस. भुशात पडली होती, चार दिवसांनी सापडली. हे तुला एकोणतीस वर्षांत कुणी सांगितलं नाही म्हणजे कमालच झाली.

आता काम. आराखडा सोबत पाठवतोय. तो मूळ आहे, माझ्याकडे नक्कल नाही, त्यामुळे त्यावर चहाचा कप ठेवू नकोस. तुझ्या साहेबांना हॉर्न म्हणजे काय ते ठाऊक असेल, पण संस्थेच्या लोकांना असं सांग: लांबच्या माणसाला हाक मारताना आपण तोंडाभोवती तळहात धरतो, तेच हे. स्पीकर एवढासा, पण त्याच्यापुढे हवेचा बोगदा. वहीच्या पानाएवढ्या गळ्यातून सुरुवात होते आणि रुंदावत रुंदावत अर्ध्या दाराएवढ्या तोंडाशी बाहेर पडतो. सरळ ठेवला तर तीन मीटर लांब होईल, म्हणून आत दोनदा दुमडलाय. त्या वळणांचे कोपरे मी हाताने घासलेत. लोक मला भोंगेवाला म्हणायचे. मी कधी सुधारलं नाही, सांगून सांगून किती सांगणार.

मोजण्याआधी मागचं झाकण बघ. रबराची पट्टी एव्हाना दगड झाली असेल. मागची पेटी गळत असली तर बेस ढिला पडतो आणि लाकूड खडखडतं. पेटती मेणबत्ती फटीशी धर आणि आत बेस सोड. ज्योत थरथरली की समज.

पस्तीसचं म्हणशील तर हो, पस्तीस. सगळ्यांना ठाऊक आहे. आलेख माझ्याकडे नाही. मोजमाप तुझ्या बाबांनी केलं. मी नव्हतो, पाठ धरल्यामुळे अंथरुणात होतो. ते सभागृह मी आजवर पाहिलेलं नाही.

राहिलं तुझं कामाबाहेरचं. मोठ्यांची भांडणं फार जुनी झाली की कारण सांगायची लाज वाटते. तुझ्या पटाशीचा त्यात काही संबंध नव्हता, तूर्त एवढं पुरे.

तुझा मामा


२ मार्च

मामा,

आराखडा जपून ठेवलाय. मेणबत्ती कामाला आली. उजव्या हॉर्नचं झाकण खालून गळत होतं, पट्टी बदलली. गळती शोधायचं आमच्याकडे एक महागडं उपकरण आहे, ते मी प्रयोगशाळेतच विसरले होते. साहेबांना हे कळायचं कारण नाही.

आधी सभागृहातच मोजून पाहिलं. काही अर्थ नाही त्यात. खोल सुरांत खोली आपलं बोलणं मिसळते. चौथ्या रांगेत बेस छातीवर बसतो आणि सातव्या रांगेत गायब. त्यातला हॉर्नचा किती आणि भिंतींचा किती, कोण सांगणार? म्हणून उजवा हॉर्न मागच्या फरसबंद अंगणात काढला. सहा हमाल, दोन दोरखंड, आणि सभागृहाचे म्हातारे वीजतंत्री, ज्यांनी सगळ्यांना सूचना दिल्या आणि हात कशाला लावला नाही. हॉर्न जमिनीवर, मायक्रोफोन दहा मीटरवर जमिनीलगत, जवळपास भिंत नाही. खालून वर चढत जाणारा सूर सोडला आणि नोंद घेतली. पाच वेळा.

निकाल सांगते. पन्नासच्या वर इतका स्वच्छ बेस मी आजच्या कुठल्याही पेटीत मोजलेला नाही. स्पीकरचा पडदा जेमतेम हलतो आणि अंगणाचं लोखंडी फाटक खडखडायला लागतं. पण पंचेचाळीसला आवाज उतरू लागतो आणि चाळीसच्या खाली जवळजवळ काही उरत नाही. पस्तीस नाही, मामा. पस्तीसचा सूर दिला तर काहीतरी ऐकू येतं, पण ते पस्तीस नसतं, त्याची दुप्पट सत्तर असते. पडदा धडपडतो, भलताच सूर काढतो आणि कानाला वाटतं की आपण खोल ऐकलं. या बाबतीत कान भोळा असतो. तुमचाही फसला असेल.

आणि आलेख सापडला. कचेरीच्या जुन्या फायलीत, टाचणीला गंज चढलेला. बाबांचं अक्षर, बाबांची सही. रेघ छत्तीसपर्यंत सरळ जाते आणि मग पडते. कोपऱ्यात बारीक अक्षरात 'दोन्ही, मध्य' असं लिहिलंय. दोन्ही हॉर्न मोजून मध्य काढला, म्हणजे सरासरी घेतली असणार. पण पंचेचाळीस आणि पंचेचाळीसची सरासरी छत्तीस कशी येईल?

मला दोनच शक्यता दिसतात. एक, त्यांचा मीटर बिघडलेला होता. दोन, रेघ हाताने ओढली. पहिली मला पटत नाही. बाबा वजनकाट्यावर उभे राहण्याआधीसुद्धा काटा शून्यावर आहे का ते वाकून बघायचे. अहवाल चौदा तारखेला द्यायचाय. तुम्हाला काही माहीत असेल तर त्याआधी सांगा.

टिटवी


९ मार्च

टिटवे,

दोनदा लिहून फाडलं. हे तिसरं आहे, जसं उतरेल तसं टाकतोय.

माझा कान फसला नव्हता. पंचेचाळीस मला तेव्हाही ठाऊक होतं. हॉर्न पुरे झाल्यावर दाजींनी आणि मी मिळून त्यातला एक कारखान्यामागच्या मैदानात मोजला. तुझाच आकडा आला. मी खट्टू झालो. दाजी म्हणाले, "तोंड का पाडतोस? सिनेमाला भरपूर झालं." दुसऱ्या दिवशी माल ट्रकात चढवताना माझी पाठ गेली आणि मी तीन आठवडे छताकडे बघत पडलो. दाजी एकटे गेले, बसवून, मोजून आले आणि माझ्या पांघरुणावर कागद ठेवला. छत्तीस.

मला वाटलं, आजारी माणसाला बरं वाटावं म्हणून केलंय. नाहीतर सभागृहाच्या मालकाला खूश करायला. दोन्हींचा मला सारखाच राग आला. भेटायला माणसं आली होती, तुझी आई होती, मामी होती. सगळ्यांदेखत मी विचारलं, "हा आकडा कुठून आणलात?"

"मोजला."

"लाकूड मी कापलंय. माझं लाकूड छत्तीसला जात नाही. खोटा आकडा माझ्या मालाला चिकटवू नका."

दाजींनी हातातली कपबशी खाली ठेवली. "येऊन बघ," एवढंच म्हणाले, चपला घातल्या आणि गेले.

पाठ बरी झाली तरी मी गेलो नाही. चार तासांचा तर रस्ता. आधी राग होता. मग वाटलं, ते आधी येतील. त्यांनाही बहुतेक तसंच वाटत असेल. असं करत एकवीस वर्षं गेली आणि मग ते गेले.

आता जे कुणाला सांगितलं नाही ते ऐक. त्या सभागृहाचं नाव झालं. 'तसलाच एक हॉर्न आम्हाला द्या' म्हणत लोक माझ्याकडे यायला लागले. खाली किती जातो, असं विचारलं की मी पंचेचाळीस म्हणायला हवं होतं. मी म्हणायचो, "तिथे मोजलंय, पस्तीस." दाजींनी छत्तीस लिहिलं होतं, ते पस्तीस मी केलं, तोंडात चांगलं बसतं म्हणून. माहितीपत्रकातला आकडाही माझाच. ज्या आकड्यापायी माणसाला घरातून घालवलं, तोच सांगून मी अकरा हॉर्न खपवले.

तू मोजलंस तेच लिही. माझ्यासाठी टिंबभरही हलवू नकोस. तुझ्या बाबांसाठीही नको.

मामा


१४ मार्च

मामा,

अहवाल दिला. साहेबांची सही झाली.

तुमचं पत्र आईला फोनवर वाचून दाखवलं. तिने मध्ये एकदाही अडवलं नाही. मागे नळ चालू असल्याचा आवाज येत होता, तो शेवटी बंद झाला. मग म्हणाली, "त्या दिवशी घरी आले आणि रेडिओ उघडून बसले. दोन दिवस जोडत होते. रेडिओला काही झालं नव्हतं."

अहवालात मी लिहिलंय: 'बसवतेवेळचा आलेख विश्वासार्ह मानता येत नाही.' बाबांच्या सहीच्या कागदाबद्दल हे वाक्य लिहिलं, शब्द बदलला नाही. तुम्हीच सांगितलं होतंत.

संस्थेच्या समितीची बैठक वीस एप्रिलला आहे. हॉर्न मोडून त्यांच्या लाकडाच्या फळ्या करायच्या, असा सूर दिसतो. उजवा हॉर्न अंगणातच आहे. त्याला ताडपत्री घातली आहे.

टिटवी


२१ मार्च

टिटवे,

बरं केलंस. फळ्या चांगल्या होतील, लाकूड अस्सल आहे, फक्त खिळे शोधून काढा म्हणावं, नाहीतर करवतीचे दात जातील.

तुझ्या पत्रांत डावा हॉर्न, उजवा हॉर्न असं येतं. ते वाचून जरा बरं वाटलं. पडद्याच्या दोन बाजूंना एकेक, अशीच जागा मी आराखड्यात दाखवली होती. म्हणजे आकड्याचं काहीही असो, जागा तरी दाजींनी माझी पाळली.

मामी विचारते, तू जेवतेस ना वेळेवर.

मामा


६ एप्रिल

मामा,

नाही पाळली.

तुमचं पत्र खिशात घेऊनच मी सभागृहात गेले होते, तारा गुंडाळून आणायला. वीजतंत्री पायरीवर बसले होते. बोलता बोलता मी म्हणाले, "हे दोघे इथे एकोणतीस वर्षं असे समोरासमोर उभे."

ते म्हणाले, "छे. बाजूंना गेले ते रंगमंच वाढवला तेव्हा, बारा-तेरा वर्षं झाली. त्याआधी दोन्ही मध्ये होते. एकाला एक चिकटून, पडद्याच्या खाली. बसवणारे गृहस्थ भारी चिकट होते. कागदावर बाजूंना दाखवलंय म्हणून आधी तसे ठेवले, मोजले, डोकं हलवलं. मग मध्ये आणून परत मोजले. आम्ही चौघे घामाघूम. शेवटी कुठे ते हसले."

मी त्यांना बॅटरी घेऊन रंगमंचाखाली न्यायला लावलं. जुन्या जमिनीत आठ बोल्टांची भोकं आहेत, बरोबर मधोमध.

'दोन्ही, मध्य.' सरासरी नव्हे, मामा. दोन्ही, मध्ये.

हे मला कळायला हवं होतं. दोन बेस हॉर्नची तोंडं शेजारी शेजारी भिडवली की खोल सुरांसाठी ती मिळून एकच मोठं तोंड होतं, आणि तोंड मोठं झालं की बेस आणखी खाली उतरतो. पहिल्या वर्षाला शिकवतात. छत्तीसच्या लहरीची लांबी साडेनऊ मीटर असते. आता दोघांमध्ये अकरा मीटर अंतर आहे, म्हणजे एकाचा दुसऱ्याला काही उपयोग नाही. मी एकच अंगणात काढला, कारण दोन काढायला पैसे आणि माणसं जास्त लागली असती, आणि मला वाटलं की दोन्ही सारखेच, एक मोजला काय नि दोन काय.

काल दुसराही बाहेर काढला. तोच मायक्रोफोन, तेच दहा मीटर. वेगवेगळे मोजले तर पंचेचाळीस आणि शेहेचाळीस. चिकटवून मोजले: सदतीस. बाबांनी मायक्रोफोन अगदी तोंडाशी धरला असणार, म्हणून त्यांच्या मोजण्यात खोली मिसळली नाही. त्यांच्या हॉर्नांमागे पडद्याची भिंत होती, माझ्या हॉर्नांमागे मोकळं अंगण. तो एका हर्ट्झचा फरक त्यातच जातो. त्यांची रेघ आणि माझी रेघ एकावर एक ठेवून खिडकीशी धरली. पन्नासच्या पुढे दोन रेघा आहेत हे ओळखू येत नाही.

त्यांनी मोजलं होतं. तुमचं लाकूड छत्तीसला जात होतं.

मी पहिला अहवाल मागे घेतलाय. साहेब म्हणाले, "समितीपुढे तू स्वतः उभी राहून सांगायचंस." जाणार आहे.

टिटवी


१२ एप्रिल

टिटवे,

पत्र मिळालं त्या दिवशी मी कारखान्यात गेलो आणि काही न करता बसून राहिलो. मामी दोनदा डोकावून गेली. तिला वाचायला दिलं. ती म्हणाली, "म्हणजे येऊन बघ म्हणाले ते खरंच बघायला बोलावत होते." मला एकोणतीस वर्षं ते आव्हान वाटत होतं.

मी त्यांना एक प्रश्न विचारला असता की हॉर्न कुठे ठेवलेत, तर सगळं मिटलं असतं. विचारला नाही, कारण उत्तर मला आधीच माहीत होतं. आणि त्यांनीही सांगितलं नाही. चारचौघांत खोटारडा ठरवल्यावर कोण सांगत बसेल?

जुनी वही मी मार्चमध्येच, तुला ते सगळं कबूल केल्यावर, काढली होती. अकरा हॉर्न अकरा ठिकाणी गेले, सगळीकडे एकेकटा. म्हणजे त्या सगळ्यांना मी दिलेला आकडा खोटाच. दाजींचा खरा असला म्हणून माझा खरा होत नाही. नऊ जणांचे पत्ते लागले. प्रत्येकाला पत्र लिहिलं: तुमचा हॉर्न पस्तीसला जात नाही, पंचेचाळीसला थांबतो, मी चुकीचं सांगितलं होतं, परत हवा असेल तर परत घेतो. चार उत्तरं आली. तिघं म्हणतात, आम्हाला आकडा आठवतही नाही, आवाज छान आहे. चौथा म्हणतो, मला पहिल्या दिवसापासून संशय होता. त्याला मी सगळ्यांत लांबलचक उत्तर लिहिलं.

समितीत काय ठरतं ते कळव. आणि हॉर्न मोडायच्या आधी एकदा ऐकायला येता येईल का ते विचार. मी तिकीट काढून येईन, कुणाला त्रास देणार नाही.

मामा


२२ एप्रिल

मामा,

परवा समितीपुढे उभी राहिले. 'माझा पहिला अहवाल चुकीचा होता आणि चूक माझी होती, ज्यांनी मूळ मोजमाप केलं त्यांची नव्हती,' असं म्हणाले. वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं. एक सभासद म्हणाले की ज्या प्रयोगशाळेचा आकडा महिन्यात बदलतो तिच्यावर विश्वास कसा ठेवायचा. साहेब मागच्या खुर्चीवरून म्हणाले, "जिचा कधीच बदलत नाही तिच्यावर तरी कसा ठेवणार?" त्यावर थोडी खसखस पिकली, पण ते सभासद हसले नाहीत.

मध्ये जागा नाही ही खरी अडचण होती, तिथे आता रंगमंच आहे. वीजतंत्र्यांनी सुचवलं की रंगमंचाखाली पोकळी आहे, हॉर्न आडवे निजवून तोंडं शेजारी शेजारी लावली तर मावतील. मापं घेतली. दोन बोटं जागा उरते. मतदान झालं: ठेवा म्हणणारे पाच, काढा म्हणणारे चार. आधी एक वर्ष ठेवून बघायचं ठरलंय.

तीन मेच्या सकाळी पहिल्यांदा लावणार आहोत. या. तुमच्या कानांची काळजी करू नका. वयाने जातात ते वरचे सूर, शिट्ट्या, पाखरं, फोनवरची माणसं. खालचे बहुधा शेवटपर्यंत राहतात.

टिटवी


९ मे

टिटवे,

त्या सकाळी तू विचारलंस, ऐकू आलं का, तेव्हा मी नुसती मान हलवली आणि बाहेर गेलो. तुला वाटलं असेल, म्हाताऱ्याला काही ऐकू आलं नाही आणि कबूल करायचं नाही. तसं नव्हतं. आलं. तू छत्तीस म्हणून सांगितलंस आणि आधी काही झालंच नाही, मग खुर्चीच्या हातावर ठेवलेल्या माझ्या बोटांना कळलं, आणि मग आवाज आला. मोठा नव्हे. सगळी खोली एकदम भरल्यासारखी. मी बनवलेल्या वस्तूतून असा आवाज निघतो हे मला माहीत नव्हतं. ज्यांना माहीत होतं ते मला बोलवायला आले होते. म्हणून बाहेर गेलो.

तिथून परस्पर तुझ्या आईकडे आलो, हे तिने तुला कळवलं असेल. काय झालं ते कळवलं नसेल.

तिने दार उघडलं, बाजूला झाली. मी आत येऊन खुर्चीवर बसलो आणि वाटेत पाठ केलेलं सगळं बोलून टाकलं. दाजींनी खरं मोजलं होतं, मी चारचौघांत त्यांना खोटं पाडलं, ते जिवंत असताना मला विचारावंसं वाटलं नाही. ती ऐकत होती. मी म्हणालो, "हे त्यांना सांगायला हवं होतं."

"त्यांना काय सांगणार? आपण बरोबर आहोत हे त्यांना माहीत होतं."

"तरी पण. माफी तरी..."

"दोन वर्षं रविवारी ते तुझी वाट बघायचे," ती म्हणाली. "मग त्यांनी सोडून दिलं. त्यांना दुसरी कामं होती, मित्र होते. त्यांचं फार अडलं नाही." मग पदराशी चाळा करत म्हणाली, "तुम्ही दोघं आकड्यावरून भांडलात. त्यात माझा भाऊ गेला. ते कुणी मोजलं?"

टिटवे, इतक्या वर्षांत मी दाजींची बाजू मांडली, माझी बाजू मांडली, दोन्ही बाजूंनी मनातल्या मनात शंभरदा भांडलो. ही तिसरी बाजू माझ्या डोक्यातच आली नव्हती. आणि वाईट वाटून घेऊ नकोस, पण तुझ्याही पत्रांत ती कुठे दिसली नाही. तू तिला विचारलंस ते आमच्या भांडणाचं कारण, तिचं काय झालं ते नव्हे.

ती आत गेली, भांड्यांचे आवाज झाले. मग आतूनच म्हणाली की स्वयंपाकघराचा दरवाजा घासतोय, पाच वर्षं झाली, सुताराला सांगून सांगून थकले.

दरवाजा उतरवला. खालची कड फुगली होती, तासून पुन्हा चढवला. मग म्हणाली, कपाटाची फळी वाकलीये. मग खिडकी. सहा दिवस झाले, रोज काहीतरी निघतंय. कालपर्यंत ती दारात उभी राहून बघायची. आज सकाळी खुर्ची आणून बसली आणि लहानपणी मी वडिलांच्या टेबलाचा पाय कापून स्टूल बनवलं होतं, त्यावरून मला सुनावायला लागली. तासभर बोलत होती. मला अर्धंअधिक ऐकू आलं नाही. तिचा आवाज बारीक, नेमका माझ्या गेलेल्या सुरांतला. तिला सांगितलं तर ती उठून जवळ आली आणि सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं, मोठ्याने.

परतीचं तिकीट उद्याचं होतं. मामीला कळवलंय. ती म्हणाली, रंधा पाठवून देते.

तुझा मामा